लाल कॅलिपर आणि माझा संशय

पहिली गाडी परत आली तेव्हा मी चाकाकडे पाहिलंच नाही, आधी गाडीवाल्याच्या नखांकडे पाहिलं. नखांत लाल रंग अडकलाय का, ते बघत होते. माझा स्वभावच असा आहे. दूधवाल्यानं "आज एकदम घट्ट आहे" म्हटलं की मी बोट बुडवून बघते. कोणी विनाकारण गोड बोललं की मी घरात जाऊन कपाटाची किल्ली जागेवर आहे का ते पाहून येते. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतले लोक हसतात मला. हसू द्या बापडे.

तो माणूस ठेकेदार होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या रस्त्यावर नव्या गाड्या वाढल्या, आणि नव्या गाड्यांबरोबर नवी हौसही आली. जाळीदार चाकं घ्यायची, आणि त्या जाळीतून आतला कॅलिपर लालभडक दिसला पाहिजे. याचे चारही मीच रंगवून दिले होते. महिना व्हायच्या आत गाडी परत दारात.

"ताई, रंग सुटून राहिला," तो म्हणाला.

"तुम्ही टोकरला का?"

"मी कायले टोकरू? माहीच गाडी हाये ना बाप्पा!"

नखं स्वच्छ होती. तरी माझा विश्वास बसला नाही. मी त्याच्या गाडीच्या किल्लीचं टोकही पाहून घेतलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरते. ब्रेक दाबला की त्या थाळीला दोन्ही बाजूंनी जो चिमटा धरतो, तो कॅलिपर. कंपनीतून येतो तेव्हा राखाडी असतो आणि एका पावसाळ्यात गंजून तांबडा होतो. त्याला रंग द्यायचा म्हणजे भिंतीला रंग देण्यासारखं नाही. तिथं उष्णता असते, ब्रेकची काळी भुकटी असते, चिखल असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल असतं. तेलाचा एवढासा डाग राहिला की वरचा रंग कितीही भारी असो, पापुद्रा धरून निघून येतो. म्हणून या कामात रंगवणं थोडं आणि घासणं जास्त.

माझे वडील दुकानांच्या आणि बसच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडून माझ्या हातात ब्रश आला. लग्नानंतर नवऱ्याचं गॅरेज होतं, आणि रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. पहिला कॅलिपर मी मोबाइलवर बघून रंगवला, आणि तो पूर्ण फसला. दुसरा बरा झाला. पुढे हातच बसला. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग फवाऱ्याचं ब्रेक क्लीनर, मग चिकटपट्टी. जिथं रबर आहे, जिथं हवा काढायचा छोटा नट आहे, जिथं पॅड सरकतात, तिथं रंगाचा थेंबही जाता कामा नये. मग उष्णता सोसणाऱ्या रंगाचे तीन पातळ हात, मध्ये थांबून. जाड हात दिला की ओघळ येतो आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून.

यातलं घासायचं काम सौंसरच्या मावशी करायच्या. मावशी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. आयुष्यभर संत्र्याच्या बागेत मजुरी केलेली, गुडघे गेलेले. आमच्या ओळखीतल्या एका बाईनं त्यांना माझ्याकडे पाठवलं. सकाळच्या बसनं त्या सौंसरहून यायच्या आणि पाचच्या बसनं परत जायच्या. पाटावर बसून, पदर खोचून, हातमोजे घालून कॅलिपर घासायच्या. लोखंड असं उघडं करायच्या की त्यात चमक यायची. त्यांच्या मोहल्ल्यात त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मी आता मोटरीच्या कामात हाये." सावलीतलं, बसून करायचं काम त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. ते काम माझ्या संशयापायी गेलं. आणि नुसतं कामच गेलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

तर ठेकेदाराची गाडी. मी चाक उतरवून पाहिलं. रंग मधून सुटला नव्हता, कडांनी सुटला होता. नटाच्या आजूबाजूला, चिकटपट्टीच्या रेघेला, जिथं जिथं लोखंड जरासं उघडं होतं तिथून गंज आत शिरला होता आणि वरचा लाल पापुद्रा उचलला गेला होता. नखानं ओढला तर बोटाएवढी पट्टी निघाली. पुन्हा घासून, पुन्हा रंगवून दिला आणि गप्प बसले. गप्प बसले म्हणजे तोंडानं. मनात पाल चुकचुकायला लागली होतीच.

त्याच महिन्यात दुसरी गाडी आली. एका मास्तरांची, पांढऱ्या रंगाची. तेच, तसंच, कडांनी.

आता माझं डोकं चालायला लागलं. आधी मी समोरच्या रंगवाल्यावर संशय घेतला. रस्त्यापलीकडे एकजण गाड्यांचे डेंट काढून रंग मारतो. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की तो हमखास चहा प्यायला बाहेर येतो. मला खात्री वाटली की हाच काहीतरी मारतो चाकावर. दोन दिवस मी खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली. तो खरोखरच नुसता चहा पीत होता. मग मी रंगावर घेतला. नागपूरहून डबा आणला होता, तो नकली असेल. डबा उलटा-सुलटा केला, छपाई भिंगातून पाहिली, जुन्या डब्याशी ताडून पाहिली. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मग थिनरवर घेतला. थिनरवाल्याला फोन करून असं काही बोलले की त्यानं पुन्हा माझा फोन उचलला नाही.

नवरा म्हणाला, "तू पोलिसात भरती व्हायची होती."

"तुम्ही चूप बसा. तुमचं नाव नाही खराब होऊन राहिलं."

पावसाळ्यात गाड्या कमी आल्या, आणि ज्या आल्या त्यांना काही झालं नाही. मला वाटलं, गेली साडेसाती. दसऱ्याला तर एकदम सहा गाड्या झाल्या. पूजेआधी लाल कॅलिपर पाहिजेत म्हणून लोक रांगेत. मावशी दिवसभर घासत होत्या, मी रंगवत होते, नवरा चाकं चढवत होता. संध्याकाळी मी स्वतः गाडी धुवून, पुसून, काचेवर हळद-कुंकवाला जागा करून द्यायचे. दिवाळीच्या आधी त्या सहातल्या दोन परत आल्या.

दुसऱ्या गाडीचा मालक रागीट होता. त्यानं भर रस्त्यात दार आपटलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्याइकडे घासते कोण? घासल्याबिगर रंग मारला तं असंच होते." झालं. माझ्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं. घासते कोण? घासतात मावशी. आतापर्यंत मी सगळ्या जगावर संशय घेतला होता, फक्त माझ्या पाटावर बसलेल्या बाईवर घेतला नव्हता. मला माझाच राग आला. वाटलं, बघ, डोळ्यांसमोर होतं आणि तुला दिसलं नाही.

त्या दिवसापासून मी मावशींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. मला आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या जेवायला उठल्या की मी त्यांनी घासलेल्या कॅलिपरवर पांढरं फडकं फिरवायचे. फडकं स्वच्छ निघायचं. मग मला वाटायचं, आज स्वच्छ आहे कारण त्यांना कळलंय. शटरच्या आडून मी बघायचे की ब्रेक क्लीनर नीट मारतात का. नीट मारायच्या. मग मला वाटायचं, मी बघते म्हणून मारतात. एकदा मी मुद्दाम एका कॅलिपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. रेघ राहिली तर समजायचं, मागून घासत नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर रेघ नव्हती. मावशींनी मान वर न करता विचारलं, "ताई, रेघ तुम्ही मारली होती का? मले वाटलं तुमच्या नवरोबाची खूण आहे, तरी पुसून टाकली."

माणसाला एवढं कळल्यावर थांबावं. मी थांबले नाही. उलट मला वाटलं, ही बाई फार हुशार आहे.

त्याच आठवड्यात तिसरी गाडी आली. मालक शांत होता, नुसतं चाकाकडे बोट दाखवलं. मी आत गेले. मावशी मोजे घालत होत्या. गॅरेजात दोन गिऱ्हाइकं होती, नवरा होता, चहावाला कप न्यायला आला होता. एवढ्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका. तुमच्या हातानं माझं नाव बुडून राहिलं."

त्यांनी एक मोजा घातला होता, तो काढला. दोन्ही मोजे नळाखाली धुतले, दोरीवर टाकले. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, मी काही घेतलं का तुमचं?"

"घेतलं म्हणाले का मी? घासलं नाही म्हणून राहिली."

"मी घासलेलं सुटत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग पिशवी उचलून निघून गेल्या. पाचच्या बसला अजून खूप वेळ होता.

नवरा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, याला काय कळते. गिऱ्हाइकांसमोर मी किती ठाम उभी राहिले, असंही मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी शांत झोपले.

पुढचे कॅलिपर मी स्वतः घासले. माझ्या हाताला फोड आले. मावशी हे रोज करत होत्या, हे लक्षात आलं, पण मी ते बाजूला सारलं. एक गाडी एका डॉक्टरांची होती. मी चारही कॅलिपर असे घासले की सुईच्या टोकाएवढी जागा सोडली नाही. तीनदा क्लीनर मारलं. हातमोजे दोनदा बदलले. गॅरेजात कोणाला जवळ येऊ दिलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. रंग दिला, वाळू दिला, चाकं चढवली, गाडी धुवून, पुसून दिली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. मी जाऊन पाहिलं. कडांनी सुटला होता.

घरी आले तर नवरा आमच्या बागेच्या पंपाच्या इंजिनाचं काम करत बसला होता. मी पायरीवर बसले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आता कोनाले काढतं?"

मायवं! ते वाक्य माझ्या छातीत बसलं. मला रडू आलं आणि रडताना राग आला. मी त्याला म्हणाले, तुम्हीच काहीतरी केलं असेल, चाक चढवताना ग्रीस लावता तुम्ही. तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, "संशय घ्यायले आता मीच उरलो का?"

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मावशींना पाठवणारी तीच ओळखीची बाई सौंसरहून काही कामानं आली. चहा पिताना तिनं सहज विचारलं, "तुमच्या मावशीनं नेमका कोणता पार्ट चोरला होता वं?"

मी कप खाली ठेवला. "पार्ट? कोणी सांगतलं चोरला म्हणून?"

"सगळ्यायले माहीत हाये. गाड्यायचे पार्ट चोरले म्हून काढलं ना तिले? सौंसरच्या बागवाल्यानं बी तिले संत्री निवडाच्या कामावर घेतलं नाही म्हणे. म्हणे चोरट्या हाताची हाये."

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं, येऊ नका. पण भर गॅरेजात, दोन गिऱ्हाइकांसमोर, चहावाल्यासमोर एखाद्या बाईला काढलं की लोक मधली गाळलेली जागा आपणच भरतात. आणि लोखंडाच्या कामातल्या गरीब बाईच्या बाबतीत त्यांना चोरीच सुचते. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मावशी जर खऱ्या असतील तर? आणि खऱ्या असतील तर मी काय करून बसले?

उत्तर मला बागेत मिळालं. आमची सौंसर रस्त्याला संत्र्याची छोटी बाग आहे. पाऊस संपला की झाडांवर निळं मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात, नाहीतर बुंध्याला रोग लागतो. दिवाळी झाल्यावर मी तिथं गेले होते, नुसती डोकं थंड करायला. बाग सांभाळणारे काका ड्रममध्ये मोरचूद आणि चुना कालवत होते. कालवून झाल्यावर त्यांनी विळा घासून चकचकीत केला, त्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून उन्हात धरला. विळ्याच्या पात्यावर तांबूस थर आला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"चुना कमी पडला. चुना कमी पडला तं हे पाणी लोखंड खाते," काका म्हणाले आणि अजून चुना टाकायला लागले.

"लोखंड खाते म्हणजे?"

"खाते म्हणजे खाते. पंपाचा नोझल पाहा, आमचा वर्षात जाते."

मी त्या पंपाकडे पाहिलं. इंजिनावर चालणारा, लांब नळीचा, फवारणीचा पंप. तो आदल्या दिवशी आमच्या गॅरेजच्या अंगणातून बागेत आला होता. फवारणी झाली की तो परत आमच्याकडे जायचा. पूर्वी तो बागेतल्या खोपीतच असायचा. उन्हाळ्यात मीच नवऱ्याच्या मागे लागून तो घरी आणवला होता, कारण मला संशय होता की खोपीतून कोणीतरी उचलून नेईल. आणि घरी आल्यावर मला एक सोय सापडली होती. नळाला जोर नाही, पंपाला भरपूर जोर. रंगाचं काम झालं, चाकं चढली, की मी स्वतः पंप लावून गाडी धुवायचे. चाकांवर तर मुद्दाम नळी धरायचे, जाळीतून लाल रंग उठून दिसावा म्हणून.

गिऱ्हाइकाला मी बजावायचे की आठ दिवस गाडी धुवू नका, रंग अजून कच्चा आहे. आणि तीच कच्ची गाडी मी पहिल्या दिवशी धुवून द्यायचे. मला वाटायचं, साधं पाणी तर आहे. पंपाचं पाणी त्याच्याबरोबर बागेतून येणाऱ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमातून यायचं, आणि ड्रमाच्या तळाशी, नळीत फवारणीचं उरलेलं मोरचूद असायचं. निळ्या ड्रमात निळसर पाणी कोणाला दिसणार? वाळल्यावर चाकावर पांढुरके डाग दिसायचे, ते मी आमच्या खाऱ्या पाण्याचे समजून फडक्यानं पुसायचे. जूनमध्ये फवारणी झाली तेव्हा गाड्या सुटल्या. पाऊस लागला, पंप तसाच कोपऱ्यात पडला, गाड्या टिकल्या. दसऱ्याच्या सुमाराला फवारणी सुरू झाली, आणि गाड्या सुटल्या.

मी काकांना काही सांगितलं नाही. एक जुना खराब कॅलिपर गॅरेजात पडला होता. पंप घरी आल्यावर मी तो घासला, रंगवला, दुसऱ्या दिवशी पंपाच्या नळीतलं पहिलं पाणी त्याच्यावर सोडलं आणि अंगणात ठेवून दिला. रोज उठून बघायचे. मनात, खरं सांगते, अजून एक आशा होती की काही होणार नाही आणि चूक कोणा दुसऱ्याचीच निघेल. दहाव्या दिवशी नखानं कड ओढली. बोटाएवढी पट्टी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी सौंसरच्या बसमध्ये बसले. नवरा म्हणाला, गाडीनं सोडतो. मी नाही म्हटलं. मावशी रोज ज्या बसनं यायच्या तिनं जायचं होतं मला. खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसत होत्या आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही नीट जुळेना.

मावशींचा मोहल्ला बसस्टँडपासून फार लांब नाही. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी आणलं, बसा म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, समोरच्या घरातली म्हातारी खाटेवर उठून बसली. सगळ्यांना कळलं होतं की मी कोण.

मी हळूच म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. फवारणीच्या पंपात मोरचूद होतं. मीच धुवून गाड्या खराब केल्या."

त्यांनी तांदळात बोटं फिरवली. "बरं," म्हणाल्या.

"तुम्ही परत या."

"इथं हळू बोलून काय फायदा, ताई," त्या म्हणाल्या. "तिथं तं मोठ्यानं बोलल्या होत्या तुम्ही."

मी लाल झाले. मग उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. की मावशींनी काही चोरलं नाही, कधीच नाही. की त्यांचं काम चोख होतं. की चूक माझी होती, पंप माझा होता, पाणी मी मारलं होतं.

मावशी अजून तांदूळच निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या घरी ऐकू नाही गेलं. तिची पोरगी बागवाल्याकडं कामाले जाते. तिनंच नेलं होतं ते तिकडं."

मी कोपऱ्यावरच्या घरी गेले आणि तिथंही सांगितलं. मग बागवाल्याकडे जाऊन त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं बरं, गैरसमज झाला. मला त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं, यानं अर्धाच विश्वास ठेवला. बाकीचा अर्धा आता कुठून आणणार होते मी?

परत ओट्यावर येऊन बसले तेव्हा मी मावशींना विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं बागेत काम केलं. मोरचूद लोखंड खाते हे तुम्हाले माहीत असन ना?"

"माहीत आहे ना. मोरचूद मीच कालवत होती."

"मग?"

"धुवाले तुम्ही पाचनंतर काढत होत्या. मी बसमध्ये राहो तवा." मग म्हणाल्या, "तुम्ही मले विचारलं असतं, 'मावशी, हे काहून होत असन?' तं मी विचार केला असता. पण तुम्ही तसं नाही विचारलं."

आठ दिवसांनी त्या आल्या. पाट तिथंच होता, मोजे तिथंच होते. गिऱ्हाइकांसमोर मी त्यांची ओळख करून द्यायला लागले, की यांच्या हाताचं काम आहे म्हणून रंग टिकतो. पंप बागेत परत गेला. गाडी आता बादलीच्या पाण्यानं आणि तेही आठ दिवसांनी. त्यानंतर एकही गाडी परत आलेली नाही. रंग पावसात टिकतो, चिखलात टिकतो, छिंदवाड्याच्या घाटात ब्रेक मारत गेलेल्या गाड्यांवर टिकतो. लोक छिंदवाड्याहूनसुद्धा येतात.

फक्त एक गोष्ट बदलली. मावशींनी नवा मोबाइल घेतला आणि आता कॅलिपर घासून झाला की त्या मोजे काढतात, हात पुसतात आणि त्याचा फोटो काढतात. पुढून एक, मागून एक, नटाच्या बाजूनं एक. रबराच्या खाचेत उजेड पडावा म्हणून कॅलिपर दारापाशी नेऊन फिरवून धरतात. मग मला हाक मारतात, "पाहून घ्या, ताई." मी बघितल्याशिवाय पाटावरून उठत नाहीत. मी बघितलं की मगच कॅलिपर माझ्या हातात देतात.

पहिल्यांदा मला वाटलं, महिनाभर करतील. वर्ष उलटून गेलं. आमचं आता चांगलं जमतं. त्यांच्या पोरीच्या लग्नात मी पाहुण्यांना जेवण वाढलं, माझ्या आजारपणात त्यांनी माझी भाकर केली. हसतो, भांडतो, एका ताटातला मुरमुरा खातो. फोटो मात्र चुकत नाही.

परवा मी विचारलंच. "मावशी, आता कायले काढता फोटो? आता मी विचारते का तुम्हाले कधी?"

"नाही विचारत," त्या म्हणाल्या आणि मोबाइल पदरानं पुसला. माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, पण राग नव्हताच. साध्या आवाजात म्हणाल्या, "असू द्या जवळ, ताई. कधी लागला तं."

अन् दुसऱ्या चाकाचा कॅलिपर ओढून घेतला.